खिडकीचा कोपरा आणि अद्वैत

कांहीं दिवसांपूर्वीं आमच्या घरांतील संगणकावर तीन खिडक्या शेजारीं शेजारीं उघड्या होत्या. एकींत लेखन चाललें होतें, दुसरींत एक छायाचित्र होतें आणि तिसरींत पत्रव्यवहार होता. आमची कन्या मागें उभी राहून पाहत होती. ती एकाएकीं म्हणाली, "बाबा, या तिन्ही खिडक्यांचे कोपरे निरनिराळे कां?" आम्हीं पाहिलें तों तिचें म्हणणें खरें होतें. पहिलीचे चारहि कोपरे गोलसर होते. दुसरीचे वरचे दोन गोल, परंतु खालचे दोन टोकदार. आणि तिसरीचे चारहि कोपरे गुण्या लावून कापल्यासारखे काटकोनी. "हें सारें एकाच कंपनीनें केलेलें आहे ना?" तिनें पुन्हां विचारलें. संगणकावर लिनक्स ही प्रणाली होती, तेव्हां आम्हांस सांगावें लागलें, "नाहीं. याला कोणी एक मालकच नाहीं."

उत्तर तोंडांतून सहज निघून गेलें. परंतु मागाहून विचार करतां आम्हांस दिसून आलें कीं, त्या एका वाक्यांत चाळीस वर्षांचा इतिहास सांठविलेला आहे. खिडकीचा कोपरा ही गोष्ट वरवर पाहतां क्षुद्र आहे. तथापि, दोन वाड्यांमधील सामाईक भिंत हातभर रुंद असली तरी तिच्यापायीं पिढ्यान्‌पिढ्या वाद चालतात. कारण वाद मातीचा नसून अधिकाराचा असतो. संगणकाच्या खिडकीची चौकट ही अशीच सामाईक भिंत आहे. तिच्या आंत प्रोग्राम लिहिणाराची सत्ता, तिच्या बाहेर डेस्कटॉप रचणाराची सत्ता, आणि या दोघांच्याहि समोर बसलेला वापरणारा. चौकटीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न जेथें राजा नाहीं अशा राज्यांत कसा सुटत गेला, किंवा सुटला नाहीं, तें वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा हेतु आहे.

गोल कोपऱ्याची कथा लिनक्सच्या जन्मापूर्वीं दहा वर्षें सुरू होते. १९८१ सालीं ॲपल कंपनींत बिल ॲट्किन्सन हे चित्र काढण्याच्या मूलभूत आज्ञा लिहीत होते. त्या काळच्या यंत्रास अपूर्णांकांचें गणित हार्डवेअरमध्यें करतां येत नसे. त्यामुळें वर्गमूळ काढून वर्तुळ रेखाटणें हें फार वेळखाऊ काम होतें. ॲट्किन्सन यांनीं एक जुनी, साधी युक्ति उपयोगांत आणली. विषम संख्यांची क्रमानें बेरीज करीत गेलें असतां पूर्ण वर्गच मिळत जातात: एक, एक आणि तीन मिळून चार, त्यांत पांच मिळविले कीं नऊ. म्हणजे वर्गमूळावांचून, नुसत्या बेरजेनें, वक्र रेषा झपाट्यानें काढतां येते. त्यांचे सहकारी अँडी हर्ट्झफेल्ड यांनीं पुढें जी आठवण लिहून ठेवली तींत असें आहे कीं, हें पाहून स्टीव्ह जॉब्स यांनीं लगेच गोल कोपऱ्यांच्या आयताची मागणी केली. त्याची गरज नाहीं, असें ॲट्किन्सन यांनीं म्हणतांच जॉब्स त्यांना खोलींतील वस्तु दाखवूं लागले, आणि नंतर रस्त्यावर फिरवून आणलें; गाड्या उभ्या करण्यास मनाई करणाऱ्या पाटीपर्यंत सर्वत्र गोल कोपरेच आढळले. दुसऱ्या दिवशीं त्या आयताची आज्ञा तयार होती.

या गोष्टींत आमच्या दृष्टीनें महत्त्वाचें हें कीं, एका माणसाच्या डोळ्यांस जें रुचलें तें सर्व यंत्रांवर उमटलें. पुढेंहि तसेंच घडत आलें. २००१ सालीं मॅक ओएस टेन आणि विंडोज एक्सपी या दोहोंनीं खिडक्यांचे वरचे कोपरे गोल केले. २०१२ च्या विंडोज ८ नें ते पुन्हां काटकोनी केले. २०२१ च्या विंडोज ११ नें परत गोल केले. प्रत्येक वेळीं एक हुकूम सुटला आणि जगांतील कोट्यवधि पटलांचे कोपरे बदलले. प्रजेला कोणी विचारलें नाहीं. पण प्रजेच्या डोळ्यांपुढें विसंगतीहि फारशी राहिली नाहीं. राजसत्तेचे गुणदोष येथें एकत्रच दिसतात.

लिनक्सची वंशपरंपरा निराळी. तिच्या पटलावरील खिडक्यांचें मूळ एक्स या प्रणालींत आहे. ती १९८४ सालीं अमेरिकेंतील एम.आय.टी. या संस्थेंत रॉबर्ट शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनीं सुरू केली, आणि तिची अकरावी आवृत्ति १९८७ सालीं निघाली. विद्यापीठांत नाना कंपन्यांचीं यंत्रें होतीं. त्या सर्वांवर चालेल असें कांहीं करणें हा उद्देश होता. म्हणून एक्सच्या कर्त्यांनीं एक व्रत स्वीकारलें: साधन द्यावें, धोरण देऊं नये. रेघ काढण्याची, खिडकी उघडण्याची, ती हलविण्याची सोय एक्स करील. परंतु बटण कसें दिसावें, मथळ्याची पट्टी कोठें असावी, कोपरा कसा असावा, याविषयीं तें मौन पाळील. चौकट बसविण्याचें काम खिडकी-व्यवस्थापक नांवाच्या स्वतंत्र प्रोग्रामाकडे दिलेलें होतें. घरांत राहणारा एक आणि चौकटी करणारा सुतार दुसरा; आणि वापरणारास सुतार बदलण्याची पूर्ण मुभा.

या मौनाचें फळ दुहेरी मिळालें. एक्स दीर्घायुषी झालें. परंतु त्याच्यावरील प्रत्येक प्रोग्राम आपापल्या घराण्याचा पोशाख घालून आला. एम.आय.टी.चा साधा अथीना संच, सन आणि ए.टी. अँड टी. या कंपन्यांचा ओपन लूक, प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या संघाचा मोटिफ, असे संच एकाच पटलावर नांदूं लागले. एका खिडकींत सरकपट्टी ओढली जाई, तर दुसरींत तिच्यावर उजवें बटण दाबलें कीं उलट दिशेला जावें लागे. कोपऱ्यांपुरतें बोलावयाचें तर १९८९ च्या सुमारास किथ पॅकार्ड यांनीं 'शेप' नांवाची जोड देऊन खिडकीस हवा तो आकार देण्याची सोय केली, आणि पटलावर वर्तुळाकार घड्याळ दिसूं लागलें. परंतु या युक्तींत पटलावरील प्रत्येक बिंदु एकतर पूर्णपणें आंत असे किंवा पूर्णपणें बाहेर. अर्धवट पारदर्शक असा बिंदु नसे. त्यामुळें गोल कोपरा जवळून पाहिला असतां पायऱ्यापायऱ्यांचा दिसे.

१९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स यांनीं लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला आणि विद्यापीठांतील हें भांडवल सामान्य माणसाच्या घरीं पोंचूं लागलें. तेव्हां विसंगति अधिक बोचूं लागली. १४ ऑक्टोबर १९९६ रोजीं मॅथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्यानें जाहीर आवाहन केलें. त्याचा सारांश असा कीं, एक्सवरील कोणतेहि दोन प्रोग्राम दिसण्यांत वा वागण्यांत सारखे नाहींत. सामान्य माणसासाठीं एकजिनसी डेस्कटॉप पाहिजे. यांतून केडीई जन्मास आलें. परंतु त्यासाठीं निवडलेला क्यूटी हा नॉर्वेमधील कंपनीचा संच त्या वेळीं पूर्णपणें मुक्त परवान्याखालीं नव्हता. हें ज्यांस पटलें नाहीं त्यांच्यापैकीं मेक्सिकोंतील मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनीं ऑगस्ट १९९७ मध्यें ग्नोम सुरू केलें. त्यांनीं जीटीके हा संच घेतला. हा संचहि मूळचा मोठ्या मनसुब्यानें केलेला नव्हे. कॅलिफोर्नियांतील दोन विद्यार्थ्यांनीं गिंप हा चित्रप्रोग्राम प्रथम मोटिफवर रचला होता, आणि त्याची अडचण होऊं लागल्यावर त्यांच्यापैकीं पीटर मॅटिस यांनीं स्वतःचा संच लिहिला, तोच हा जीटीके. क्यूटी २००० सालीं मुक्त परवान्याखालीं आला. परंतु तोंवर दोन घरें उभी राहिलीं होतीं. एकरूपतेसाठीं काढलेल्या चळवळींतून द्वैत निर्माण झालें, हा दैवदुर्विलासच म्हटला पाहिजे.

हें द्वैत हुकमानें मिटविण्याचा एक ठळक प्रयत्न २००२ सालीं झाला. रेड हॅट या कंपनीनें आपल्या लिनक्सच्या आठव्या आवृत्तींत ब्लूकर्व्ह नांवाची एकच वेशभूषा ग्नोम आणि केडीई या दोहोंना चढविली. त्याच खिडक्या, त्याच खुणा, तेच रंग. कोणत्या घराचा प्रोग्राम तें चटकन ओळखूं येऊं नये, हा हेतु. आज त्याकडे पाहतां तें काम नेटकें होतें असेंच आम्हांस वाटतें. परंतु केडीईच्या लोकांस तो आपल्या घराचा अधिक्षेप वाटला; त्यांच्या प्रोग्रामांतील ओळखीच्या खुणा पुसून टाकल्याबद्दल कडवट वाद झाला आणि केडीईचें काम पाहणारा एक अभियंता कंपनी सोडून गेला. वापरणाराच्या डोळ्यांस मिळालेली शांति ही लेखकाच्या अभिमानास लागलेली ठेंच ठरली. या घटनेंत पुढील सर्व वादाचें बीज आहे.

त्यानंतर यंत्राची शक्ति वाढली. २००४ सालीं एक्समध्यें 'कॉम्पोझिट' ही जोड आली. आतां प्रत्येक खिडकी प्रथम पडद्याआड पूर्ण रंगविली जाई आणि मग सर्व खिडक्या एकत्र मिसळून पटलावर मांडल्या जात. या मिसळण्यामुळें बिंदु अर्धवट पारदर्शक होऊं शकला, खिडकीस मऊ सांवली मिळाली, आणि पायऱ्यांचा कोपरा खराखुरा गोल झाला. तांत्रिक अडचण संपली. मग वाद संपावयास हवा होता. परंतु साधनांची उणीव होती तोंवर झांकलेला हक्काचा प्रश्न आतां उघडा पडला.

ग्नोमची तिसरी आवृत्ति २०११ सालीं निघाली, आणि तिच्या वेशभूषेस तिच्या कर्त्यांनीं नांव दिलें 'अद्वैत'. आपल्याकडे हा शब्द कीर्तनापासून तत्त्वज्ञानाच्या वर्गापर्यंत सर्वत्र वावरतो. तो शब्द संगणकाच्या खिडक्यांना मिळालेला पाहून मराठी वाचकास मौज वाटेल. परंतु नांव नुसतें शोभेचें नव्हतें. २०१३ मध्यें ग्नोमच्या ३.१० या आवृत्तीनें मथळ्याची जुनी पट्टी काढून तिच्या जागीं बटणांसह एक रुंद शीर्षपट्टी आणली. ही पट्टी सुतार बसवीत नव्हता. ती प्रोग्राम स्वतःच काढी. म्हणजे चौकटहि घरांत राहणाराच्या ताब्यांत गेली. जागा वांचली, रचना सुटसुटीत झाली. आणि सामाईक भिंत एका बाजूस सरकली.

कन्येच्या प्रश्नाचें उत्तर येथें सांपडतें. जुन्या पद्धतींत वरची पट्टी सुताराची असल्यामुळें वरचे दोन कोपरे गोल करणें त्याला सोपें असे; खालचे कोपरे मात्र प्रोग्रामाच्या मजकुराचे. ते कापावयाचे तर दुसऱ्याच्या घरांत कात्री घालावी लागते. जीटीकेच्या तिसऱ्या आवृत्तीचे प्रोग्राम अद्वैत वेशांत वरचे दोनच कोपरे गोल करीत. चौथ्या आवृत्तीवर 'लिबअद्वैत' हा संच रचण्यांत आला. त्याची पहिली स्थिर आवृत्ति २०२१ च्या अखेरीस निघाली, आणि त्यावरील प्रोग्रामांचे चारहि कोपरे गोल झाले. इतर घराण्यांतून आलेल्या प्रोग्रामांना हें कांहींच ठाऊक नसतें. ते काटकोनीच राहतात. कांहीं उत्साही मंडळींनीं ग्नोमसाठीं जोड लिहून सर्वांचे कोपरे बाहेरून कापण्याचा उद्योग केला. पण ज्या प्रोग्रामानें आपली सांवली स्वतःच काढलेली असते त्याची खरी कडा कोठें संपते हें बाहेरच्याला ओळखावें लागतें; तें चुकलें तर कोपरा भलत्याच जागीं कापला जातो. एकंदरींत, आमच्या पटलावरील तीन तऱ्हेचे कोपरे हे निष्काळजीपणाचे पुरावे नसून तीन कालखंडांचे थर होते.

मध्यंतरीं २०१९ सालीं ग्नोमभोंवतालच्या अनेक प्रोग्राम-लेखकांनीं वितरकांस उद्देशून एक अनावृत पत्र लिहिलें. आमच्या प्रोग्रामांवर तुम्ही परभारें दुसरा वेश चढवूं नका, अशी त्यांची विनंति होती. त्यांचें म्हणणें टाकाऊ नव्हतें. वेश बदलल्यानें अक्षरें पार्श्वभूमींत बुडतात, खुणांचा अर्थ बदलतो, बटणें मोडतात. आणि तक्रार मात्र लेखकाकडे येते. यांतील पुष्कळ लेखक विनावेतन काम करणारे; दुसऱ्यानें केलेल्या बिघाडाची उस्तवारी त्यांनीं कां करावी? उलट पक्षाचें म्हणणेंहि तितकेंच सबळ आहे. लिनक्स पत्करलें तें स्वातंत्र्यासाठीं; आणि आपल्या घरांतील खिडकीचा रंग ठरविण्याइतकेंहि स्वातंत्र्य उरणार नसेल, तर राजाच्या राज्यांत काय वाईट होतें? ज्याची दृष्टि मंद आहे, त्याला तर जाड कडा आणि ठळक रंग ही चैन नसून गरज आहे.

हाच तंटा नव्या पायावरहि गेला. क्रिस्टियन हॉग्सबर्ग यांनीं २००८ सालीं एक्सची जागा घेण्यासाठीं वेलँड ही पद्धति आरंभिली. तिच्या मूळ रचनेंत चौकट प्रोग्रामानेंच काढावी असें गृहीत आहे. केडीईच्या मंडळींस हें रुचलें नाहीं. त्यांचा एक आक्षेप अगदीं व्यवहारांतला होता: प्रोग्राम गोठला तर त्यानेंच काढलेलें बंद करण्याचें बटणहि गोठेल, चौकट बाहेरच्याची असेल तर दार निदान उघडतां येईल. अशा गोठलेल्या प्रोग्रामास बाहेरून ओळखून तो बंद करण्याची सोय ग्नोमनेंहि केलेली आहे, हें येथें सांगितलें पाहिजे. पुढें चौकट कोणी काढावी हें प्रोग्रामानें आणि डेस्कटॉपनें एकमेकांस विचारून ठरवावें, अशी एक जोड तयार झाली. केडीईनें ती घेतली. ग्नोमनें अद्याप पत्करलेली नाहीं. म्हणून ज्या प्रोग्रामांस चौकट काढतां येत नाहीं त्यांच्यासाठीं 'लिबडेकोर' नांवाचा एक लहान संच निराळा करावा लागला. केडीईनेंहि २०२५ च्या ऑक्टोबरांत, प्लाझ्मा ६.५ या आवृत्तींत, आपल्या खिडक्यांचे खालचे कोपरे बाहेरून गोल केले. दोन घरें दोन निराळ्या वाटांनीं एकाच आकाराला पोंचलीं. वाट मात्र एक झाली नाहीं.

मग मालकावांचून एकरूपता येतच नाहीं कीं काय? असा निष्कर्ष काढण्यापूर्वीं आम्ही वाचकांचें लक्ष एका दुसऱ्या गोष्टीकडे वेधूं इच्छितों. आणि ती आपल्या मराठी अक्षरांची आहे. देवनागरी लिहितांना संगणकास नुसतीं अक्षरें ओळीनें मांडून चालत नाहीं. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर उच्चारली तरी त्याच्या आधीं काढावी लागते. जोडाक्षरें घडवावीं लागतात. रफार मागून पुढें न्यावा लागतो. त्यांतून मराठीचें एक खास लेणें आहे: दऱ्या, वाऱ्या, सुऱ्या या शब्दांतील आडवा अर्धा र. 'आचार्य' मधील रफाराहून तो भिन्न. आणि 'दर्या' व 'दऱ्या' यांत तर अर्थाचाच फरक पडतो. हें सर्व काम करणारा अक्षरांचा कारागीर पूर्वीं प्रत्येक घराण्याचा निराळा असे. जीटीकेचा निराळा, क्यूटीचा निराळा, ओपनऑफिसचा निराळा. एके ठिकाणीं चूक सुधारली तरी दुसरीकडे ती तशीच राही. कोपऱ्यांच्या विसंगतीनें डोळा दुखावतो. येथें तर शब्दच मोडत होता.

ही विसंगति मिटली, आणि ती हुकमावांचून मिटली. ग्नोम आणि केडीई या दोन्ही घरांच्या कारागिरांनीं आपलें काम एकत्र आणलें. मूळचे इराणचे असलेले बेहदाद एस्फाहबोद यांनीं तें पुन्हां नव्यानें लिहून काढलें. आणि २०१२ नंतरच्या दोनतीन वर्षांत जीटीकेच्या घराण्यानें, लिबरऑफिसनें आणि क्यूटीनें एकामागून एक तोच कारागीर नेमला. त्याचें नांव 'हार्फबझ'. फारसींत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे खुलें. आपण 'तोंडांतून एक हरफ काढला नाहीं' असें म्हणतों, त्यांतलाच हा हरफ. या कामासाठीं कोणा लेखकाचा अभिमान दुखावला नाहीं, कोणाची खूण पुसली गेली नाहीं. कारण हें काम चौकटीवर नव्हतें, पायांत होतें. अलीकडे वेशाच्या बाबतींतहि याच वाटेनें थोडें पाऊल पडलें आहे. आपणांस गडद रंग हवा कीं उजळ, हें वापरणारानें एकदां सांगावें आणि सर्व घराण्यांच्या प्रोग्रामांनीं तें विचारून घ्यावें, असा संकेत २०२१-२२ च्या सुमारास ठरला, आणि तो ग्नोम व केडीई दोघेहि पाळतात. हुकूम करून वेश चढविण्याऐवजीं इच्छा कळविणें, ही रीत आम्हांस अधिक सुसंस्कृत वाटते.

तेव्हां आमचें मत थोडक्यांत असें. जेथें सर्वांचा सारखाच लाभ आहे आणि कोणाच्या ओळखीस धक्का लागत नाहीं, तेथें राजावांचूनहि एकरूपता येते. मात्र ती सावकाश येते आणि खालून वर येते. जेथें आकार हाच ओळखीचा विषय होतो, तेथें अद्वैत हें नांव देऊन अद्वैत साधत नाहीं. चौकटीच्या आंत लेखकाचा शब्द अखेरचा मानावा. परंतु चौकट, सांवली आणि कोपरा हे ज्याच्या पटलावर दिसतात त्याच्या इच्छेस विचारून ठरावेत, हेंच आम्हांस न्याय्य दिसतें. त्यासाठीं लागणारी साधनें आतां आहेत. उणीव आहे ती शेजारधर्माची.

हें सर्व कन्येस सांगून झाल्यावर तिनें पुन्हां एकवार त्या तीन खिडक्यांकडे पाहिलें. तिघींतहि मराठी मजकूर होता: लेखनांत, छायाचित्राखालील ओळींत आणि पत्रांत. ती म्हणाली, "पण अक्षरें मात्र तिन्हींकडे सारखींच उमटलीं आहेत." इतका वेळ कोपरे न्याहाळण्याच्या भरांत तें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.